लाल शाईतले वावडे

आवळे सिस्टरांनी जखमेवरचा शेवटचा बोळा उचलला, तेव्हा आधी वास आला आणि मग जखम दिसली. उजव्या जांघेतील सात टाक्यांपैकी चार डॉक्टरांनी आदल्या दिवशीच मोकळे केले होते. उरलेल्या तिन्हींच्या कडेने कातडी ताणून लाल झाली होती आणि मधल्या फटीतून पिवळसर पू सावकाश वर येत होता. माझे थोरले बंधू हिंदुराव, ज्यांना घरी आम्ही आणि बाहेर सारा गाव आबा म्हणतो, ते छताकडे दृष्टी लावून पडले होते. शस्त्रक्रियेला त्या दिवशी सहा दिवस झाले होते. त्यांच्या अंगातील तापाची धग मला खाटेच्या कठड्यापर्यंत जाणवत होती.

"केरबा," आबा म्हणाले, "काहील करपल्यावानी वास सुटलाय न्हवं?"

"न्हाई आबा. औषधाचा वास हाय."

"औषधालाच असला वास आसंल, तर मग जखमंला कसला आसंल रं?"

आवळे सिस्टर हसल्या नाहीत. एरवी त्या आबांच्या बोलण्याला हसत असत.

डॉक्टर उपळेकर आले. त्यांनी जखमेच्या कडेला दोन बोटे दाबली, आबांनी दात आवळले, आणि डॉक्टरांनी केवळ एवढेच विचारले, "लघवी किती?"

"कालपासून कमीच आहे, सर."

त्यांनी मला डोळ्यांनी बाहेर येण्याची खूण केली. तालुक्याच्या गावातील तो बारा खाटांचा दवाखाना. खाली दवाखाना आणि वरच्या मजल्यावर डॉक्टरांचे घर. व्हरांड्यात औषधांच्या रिकाम्या खोक्यांची रास होती. तिच्यापाशी ते उभे राहिले.

"हे बघा केरबा, मी आडपडदा ठेवत नाही. अंतर्गळाला, म्हणजे हर्नियाला, जाळी बसवायची असली, की चीर देण्याच्या अर्धा तास आधी आम्ही एक इंजेक्शन देतो. चीर पडते त्या घडीला औषध रक्तात हजर पाहिजे. मग जंतू आत शिरले, तरी त्यांना घर करता येत नाही. तुमच्या भावाला ते देता आलं नाही. त्याच्याऐवजी दुसरं दिलं. ते लागू पडलं नाही, आणि आता ते मूत्रपिंडाला बाधायला लागलंय, म्हणून बंद करतोय. पुवाचा रिपोर्ट आज कोल्हापूरहून आला. हे जंतू पेनिसिलिनच्या भावकीतल्या औषधांनी मरतात. माझ्या कपाटातल्या दुसऱ्या कशानंही मरत नाहीत. आणि नेमकी तीच भावकी आपल्याला बंद. अ‍ॅलर्जी!"

"होय," असे म्हणून मी मान हलविली.

येथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. अ‍ॅलर्जी हा शब्द मला ठाऊक नव्हता. मी सातवी पास. गावच्या सार्वजनिक वाचनालयात झाडलोट आणि पुस्तकांची देवघेव ही दोन्ही कामे माझ्याकडे होती, आणि तेथील अकराशे पुस्तकांपैकी बहुतेक मी वाचलेली होती. गावात कोणाला अर्ज लिहावयाचा असो, मानपत्र लिहावयाचे असो, लोक माझ्याकडे येत. अशा माणसाने डॉक्टरांना एखाद्या शब्दाचा अर्थ विचारावा, हे मला कमीपणाचे वाटले. आबांच्या रक्तात तपासणीअंती अ‍ॅलर्जी नावाचा काही दोष निघाला असावा, अशी मी माझ्यापुरती समजूत करून घेतली होती.

"मग आता उपाय कोणता?" मी विचारले.

"पुण्याहून वेगळं औषध मागवलंय. परवा सकाळी येईल."

"आणि तोपर्यंत?"

डॉक्टरांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला. "संध्याकाळी जाळी काढून टाकतो. ती आत आहे तोवर जखम आवरायची नाही. पण नुसत्या तेवढ्यानं भागेल, असं मी म्हणत नाही. विष रक्तात उतरायला लागलंय. परवापर्यंत त्यांनी तग धरला पाहिजे."

"धरतील ना?"

"घरच्यांना बोलावून घ्यायचं असेल, तर बोलावून घ्या," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या खोलीत गेले.

घरचे म्हणजे तसे आम्हीच. आई-वडील मागेच गेले होते. आबांच्या पत्नी अक्काताई, म्हणजे माझ्या वहिनी, पहिल्या दिवसापासून खाटेखाली चटई टाकून राहिल्या होत्या. आबा गुऱ्हाळावर कामाला होते. रस आटून गुळाला आला, की उकळती काहील, म्हणजे रसाची ती भली मोठी कढई, चुलवाणावरून उतरवावी लागते. ती उतरवण्यास आठ माणसे लागत, आणि त्या आठांत पहिला खांदा आबांचा. चार हंगाम त्यांनी जांघेतला गोळा धोतराच्या पट्ट्याने आवळून दडविला. पाचव्या हंगामात काहील उतरवतानाच तो असा खाली उतरला की आबा चिखलात बसले, पण काहील त्यांनी टेकेपर्यंत सोडली नाही. सोडली असती तर समोरच्या दोघांच्या पायांवर उकळता गूळ सांडला असता. असे माझे बंधू. आणि अशा माणसाला सुईची भीती वाटे.

मी खोलीत परतलो, तेव्हा वहिनी ओल्या फडक्याने आबांचे कपाळ पुसत होत्या. आबांचा डोळा लागला होता, पण ओठ हलत होते.

"काय म्हणलं डागदर, भावजी?"

"रक्तातल्या दोषामुळे औषध चालत नाही, असे त्यांचे मत आहे."

"कसला दोष?"

"अ‍ॅलर्जी म्हणून असतो."

"त्यो कवापासनं? चाळीस वर्सं अंगात रगात हाय, कवा दिसला न्हाई."

वहिनी फडके पिळत राहिल्या. पाणी तांब्यात पडत होते. मग त्यांनी उशाकडच्या भिंतीवर नजर टाकली. तेथे खिळ्याला एक पुठ्ठा अडकवलेला होता, आणि कामावरच्या बायांनाही वाचता यावे म्हणून त्यावर मराठीत, लाल शाईत, ठळक अक्षरांत एक ओळ लिहिलेली होती.

"त्ये लाल लाल काय लिवलंय? सा दिस बघतीया. लाल लिवल्यालं चांगलं नसतंय."

ती ओळ मला पाठ होती. कारण ती माझीच होती. भरतीच्या दिवशी आवळे सिस्टरांनी माहिती विचारली होती, आणि उत्तरे मी दिली होती. ते माझे शब्द त्यांनी जसेच्या तसे पुठ्ठ्यावर उतरविलेले पाहून मला त्या दिवशी मनोमन बरे वाटले होते. सांगावयास लाज वाटते, पण बरे वाटले होते.

मी मोठ्याने वाचले. "पेनिसिलिनचे आजन्म वावडे."

वहिनींनी फडके पिळणे थांबविले. "म्हंजी?"

"म्हणजे... वावडे."

"वावडं मला कळतंय की. मला न्हाई का शेपूचं वावडं? सासूबाई मुद्दाम ताटात वाढायच्या आन मी नाक धरून गिळायची. मेले का मी?" त्या थकलेल्या होत्या, सहा दिवसांत धड जेवल्या नव्हत्या, पण त्यांच्या आवाजाला धार आली. "ह्येंला औषध आवडत न्हाई म्हणून द्याचं न्हाई, आसं हाय व्हय? दवाखान्यात काय पंगत बसलीया, आवडनिवड इचारून वाढायला?"

मी पुठ्ठ्याकडे पाहिले. मग आबांकडे. मग पुन्हा पुठ्ठ्याकडे.

"भावजी? काय झालं? बसा खाली, पडशीला."

मी बसलो नाही. मी व्हरांड्यातून धावत गेलो. आवळे सिस्टर मोरीपाशी भांडी उकळत ठेवीत होत्या.

"सिस्टर, अ‍ॅलर्जी म्हणजे काय?"

त्यांनी वळून पाहिले. "वावडं. तुम्हीच तर सांगितलंत."

"आणि वावडे म्हणजे?"

"अहो, औषध अंगाला न चालणं! अंगावर गांधी उठतात, घसा सुजतो, श्वास कोंडतो. माणूस जागच्या जागी दगावतो. तुम्ही म्हणालात ना, लहानपणी दिलं होतं आणि प्राण कंठाशी आले होते?"

"सिस्टर," मी म्हणालो, "त्याला भीती वाटते, असे मला म्हणावयाचे होते."

भांड्यातील पाण्याला उकळी फुटत होती. तिचा आवाज मला आजही ऐकू येतो.

"काय?"

"सुईची भीती वाटते. लहानपणापासून. पेनिसिलिनचे नाव काढले तरी तो तोंड फिरवतो. तुम्ही जरा समजुतीने घ्यावे, हळू टोचावे, म्हणून मी..."

"मग भीती वाटते, असं का नाही म्हणालात?"

उत्तरासाठी त्या थांबल्या नाहीत. त्यांनी चिमटा तेथेच टाकला, माझ्या दंडाला धरले आणि मला जिन्याने वर नेले.

डॉक्टर जेवत होते. सिस्टरांनी दारातूनच दोन वाक्यांत सांगितले. डॉक्टरांचा घास हातात राहिला. त्यांच्या पत्नी आमटीचे भांडे घेऊन उभ्या होत्या, त्या हळूच आत गेल्या.

"प्राण कंठाशी आले होते, असं तुम्ही म्हणाला होतात. माझ्या कागदावर आहे ते."

"तसे म्हणतात, डॉक्टर."

"कोण म्हणतं?"

"पुस्तकात म्हणतात."

मला वाटले ते ताट भिरकावतील. पण त्यांनी हात धुतला, आणि जिना उतरता उतरता, माझ्याकडे न पाहता, बोलू लागले. "आता नीट ऐका. भीती असेल तर औषध आत्ता देता येईल. वावडं असेल आणि मी दिलं, तर तुमचा भाऊ परवापर्यंत नाही, पाच मिनिटांत जाईल. तेव्हा त्या दिवशी काय झालं ते सांगा. साध्या शब्दांत. काय दिसलं तुम्हाला?"

"आबांच्या पायात उसाचे धसकट घुसले होते. पाय सुजला होता. सरकारी दवाखान्यात रोज एक याप्रमाणे सुया दिल्या. तिसऱ्या दिवशी सुई दिली, आणि आबा कोसळले."

"लगेच?"

"लगेच."

"अंगावर गांधी?"

मी आठवू लागलो. दवाखान्याच्या निळ्या भिंती मला आठवत होत्या. आबांचे पांढरे झालेले डोळे आठवत होते. त्यांच्या ओठांवरचा फेस आठवत होता. पण फेस खरोखरीच होता, की तो मी मागाहून घातला होता? वाचनालयाच्या कट्ट्यावर ही हकीकत मी कितीदा सांगितली असेन! ऐकणारे गप्प झाले, की मी आणखी एक बारकावा घालीत असे. एका वर्षी फेस आला. एका वर्षी आबांचा देह काष्ठवत झाला. एकदा तर आईने मारलेल्या हंबरड्याने झाडावरची पाखरे उडाली होती, आणि आई त्या दिवशी दवाखान्यात होती की शेतात, हे मला ठाऊकच नव्हते.

"गांधी होत्या की नव्हत्या?"

"माहीत नाही."

"श्वास? घरघर?"

"डॉक्टर, मला माहीत नाही. मी नऊ वर्षांचा होतो. आणि त्यानंतर मी ते... फार वेळा सांगितले आहे."

डॉक्टर जिन्याच्या शेवटच्या पायरीवर थांबले. त्यांनी माझ्याकडे ज्या दृष्टीने पाहिले, तिचे वर्णन मी करणार नाही. वर्णन करण्याची माझी पात्रता त्या दिवशी संपली.

"मग पेशंटलाच विचारू," ते म्हणाले. "शुद्धीवर असला तर."

आबांना हलवून उठवावे लागले. त्यांचे डोळे लाल होते आणि ते वहिनींना आईच्या नावाने हाक मारीत होते. सिस्टरांनी तोंडावर पाणी मारले. डॉक्टर कठड्यावर वाकले.

"हिंदुराव, माझ्याकडे बघा. मी कोण?"

"डागदर."

"वार कोणता?"

"शनवार. आज आमचं चुलवाण बंद."

वहिनींनी मान डोलावली. वार खरा होता.

"लहानपणी पायाला लागलं होतं, तेव्हा पेनिसिलिनची सुई दिली आणि तुम्ही पडलात. आठवतं?"

आबांनी डोळे मिटले. मला वाटले, ते पुन्हा ग्लानीत गेले. मी पुढे झालो आणि त्यांचा हात धरला.

"आबा, सांग. काय झालंतं? गांधी उठल्या हुत्या? दम लागलाता?"

"त्ये सोंग हुतं," आबा म्हणाले.

डॉक्टर आणखी खाली वाकले.

"सोंग. तीन सुया झाल्यात्या. आनि तीन ऱ्हायल्यात्या. म्हणलं, पडावं. पडलो, डोळं फिरीवलं. मग बघतो तर ह्यो," त्यांनी माझ्याकडे बोट वळविण्याचा यत्न केला, "ह्यो आसा रडाय लागला, आसा रडाय लागला... छातीवर येऊन पडला माझ्या. म्हणला, आबा, मरू नगंस, माझ्या गोट्या सगळ्या तुला दितो. मग सोंग हाय आसं कसं सांगू? ऱ्हाऊनच गेलं सांगायचं."

"आबा!" मी म्हणालो.

"गोट्या मातर घेतल्या मी."

"तापात बोलतोय का हा?" डॉक्टर सिस्टरांना हळू आवाजात म्हणाले. "एवढ्यावर मी औषध देऊ? हिंदुराव, त्या दिवसानंतर पुन्हा ती सुई कधी घेतलीत?"

"घ्यावीच लागली की. पाय काय सोंगानं बरा हुतोय? दुसऱ्या दिशी आईनं कंपौंडरला घरी आणला. वैरणीच्या खोलीत धरून टोचली. तिन्हीबी टोचल्या, एका दिशी एक."

"आणि काय झालं?"

"काय हुतंय? ढुंगण दुखलं."

"खाज? सूज? श्वास?"

"कायबी न्हाई. ह्यो साळंत हुता तवा. आई म्हणली, ल्हानग्याला सांगू नगंस, पुन्यांदा रडंल."

डॉक्टर सरळ उभे राहिले. त्यांनी एक क्षण खिडकीबाहेर पाहिले, आणि मग ते भराभर बोलू लागले. सिस्टरांनी ताट मांडले. एका सुईत अगदी थोडे औषध, आणि शेजारी दुसरी सुई, जी आबांचा श्वास कोंडला तरच वापरावयाची होती. ती दुसरी सुई पाहून वहिनींनी पदराचा बोळा तोंडात धरला.

"पूर्ण खात्री मी देऊ शकत नाही," डॉक्टर मला म्हणाले. "आधी कातडीखाली थेंबभर देऊन बघतो. वीस मिनिटं थांबायचं. तिथं फोड आला, लाली पसरली, तर हा रस्ता बंद."

सिस्टरांनी आबांचा डावा हात उताणा केला. मनगटाच्या वर, आतल्या गोऱ्या बाजूला, सुई कातडीला समांतर शिरली. मसुराच्या दाण्याएवढा फुगारा आला. आवळे सिस्टरांनी खिशातून बॉलपेन काढले आणि त्याच्याभोवती निळे वर्तुळ ओढले. मग घड्याळ पाहून शेजारी वेळ लिहिली. दोन वाजून दहा मिनिटे.

ती वीस मिनिटे मी त्या वर्तुळाकडे पाहात होतो. आयुष्यभर मी अक्षरे वाचली, पण त्या रुपयाएवढ्या निळ्या वर्तुळात काय उमटते आहे, ते मला वाचता येईना. मध्येच वाटे, लाल होत आहे. मध्येच वाटे, नाही, तो उजेडाचा खेळ. मी वाकून पाहू लागलो की माझीच सावली त्यावर पडे.

"सिस्टर, मध्ये लाल ठिपका आहे."

"सुईचा आहे तो. बाजूला सरा."

"खाजतंय का, आबा?"

"न्हाई. पर तू आसा बघत बसलास तर खाजंल."

त्यांचे ओठ कोरडे पडले होते. बोलताना प्रत्येक दोन शब्दांमागे त्यांना थांबावे लागे. वहिनींनी चमच्याने त्यांच्या ओठांना पाणी लावले, आणि मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "भावजी, त्ये लाल पाटीवरचं तुमीच लिवाय लावलंतं व्हय?"

"होय, वहिनी."

त्यांनी चमचा पुन्हा पाण्यात बुडविला. त्या शिव्या देत्या तर मला आधार वाटला असता.

मी आबांच्या कानाशी वाकलो. "आबा, माझ्या हातून अक्षम्य अपराध घडला आहे."

"काय घडलंय?"

"चुकलं माझं."

आबांनी बराच वेळ श्वास गोळा केला. "माझंबी," ते म्हणाले. "किती वाजलं?"

अडीच वाजले होते. सिस्टरांनी वर्तुळावरून अंगठा फिरविला. फुगारा जिरला होता. उरला होता फक्त तो टाचणीच्या टोकाएवढा ठिपका. त्यांनी डॉक्टरांकडे पाहून मान हलविली. तरी डॉक्टर खिडकीपाशी गेले, आबांचा हात उजेडात धरला, चष्मा कपाळावर चढवून पाहिले, आणि मगच म्हणाले, "भरा."

ते औषध त्यांनी स्वतः दिले. शिरेतून, अगदी सावकाश. एक हात सुईवर, दुसऱ्या हाताची बोटे आबांच्या नाडीवर, आणि नजर आबांच्या तोंडावर. दर थोड्या वेळाने ते विचारीत, "बरं वाटतंय?" आणि आबा म्हणत, "व्हय." एकदा आबांना उत्तर द्यावयास उशीर झाला. सिस्टरांचा हात त्या दुसऱ्या सुईकडे गेला. वहिनी उभ्या राहिल्या. मी खाटेचा कठडा इतका घट्ट धरला होता की त्याचा रंग माझ्या तळव्याला लागला.

"हिंदुराव!"

"व्हय की," आबा म्हणाले. "जांभई आलीती."

संध्याकाळी जाळी काढली. त्या रात्री काय झाले ते मी सांगत बसणार नाही, कारण काहीच झाले नाही. ताप तसाच होता. दुसऱ्या दिवशीही तसाच होता. डॉक्टर दर चार तासांनी येत, औषध देत आणि जात. मी पुठ्ठा खिळ्यावरून काढला, उलटा करून परत अडकविला, आणि मग तो उलटाही बघवेना म्हणून सिस्टरांना नेऊन दिला. पुण्याचे औषध सांगितल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी सकाळी आले, पण ते फोडावे लागले नाही. वहिनी मला उठवावयास आल्या. त्यांनी माझा हात ओढत नेला आणि आबांच्या कपाळावर ठेवला. कपाळ घामाने भिजलेले होते आणि गार होते.

"शेपू खाईन म्हणत्यात," वहिनी म्हणाल्या, आणि मग त्या जमिनीवर बसून मोठ्याने रडल्या.

जखम आतून भरत यावयास पुढे दीड महिना लागला. जाळी गेली ती गेलीच. दोन वर्षांनी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली, आणि त्या खेपेस इंजेक्शन चीर देण्याच्या आधी, वेळेवर मिळाले. मात्र काहिलीला खांदा लावणे आबांना कायमचे बंद झाले. मालकाने त्यांना गुळव्याच्या हाताखाली दिले, आणि पाच हंगामांत ते स्वतः गुळव्या झाले. उकळत्या रसाचा थेंब पाण्यात टाकून, बोटांत धरून, काहील कोणत्या क्षणी उतरवायची ते सांगणे हे त्यांचे काम. काहील उतरवणाऱ्या आठ जणांकडे ते त्या वेळी पाहात नसत. वहिनींनी मला पुढे वर्षभर अ‍ॅलर्जी भावजी अशी हाक मारली. मी ती ऐकून घेतली. वाचनालयाच्या कट्ट्यावर मी त्यानंतर हकीकती सांगितल्या नाहीत. लोकांना वाटले, पोक्तपणा आला.

गेल्या थंडीत मला स्वतःलाच अंतर्गळाने गाठले. पुस्तकांचे जुने कपाट एकट्याने सरकविण्याचा मोह. भावाच्या आजाराचे नाव मला पाठ असल्यामुळे निदानास वेळ लागला नाही. दवाखाना दुसरा, शहरातला, सिस्टर तरुण. तिच्या हातात छापील कागद होता आणि ती एकेक रकाना भरत होती. आबा काठी टेकून माझ्या मागे उभे होते. मी नको म्हणत असतानाही ते पहाटेच्या एसटीने आले होते.

"काका, कुठल्या औषधाचं काही वावडं?"

मी घसा साफ केला. "वावडे म्हणावे असे..."

"बाई," आबांनी काठी पुढे घातली, "त्येला नगा इचारू. मला इचारा."

"तुम्ही कोण आजोबा?"

"थोरला भाऊ. त्येला कशाचंबी वावडं न्हाई. भ्या वाटतंया. तेवढं लिवा."

मुलीने कागद वरून खाली पाहिला. "भीतीला यात रकाना नाहीये हो, आजोबा."

"मग ऱ्हाऊ द्या. त्ये मी बघतो," असे म्हणून आबांनी काठी भिंतीला लावली, ते माझ्या खाटेवर बसले, आणि ती मुलगी माझ्या डाव्या हातावर निळे वर्तुळ ओढीत असताना माझा उजवा हात त्यांनी आपल्या दोन्ही हातांत धरून ठेवला.